नसलेल्या बेटाची रेल्वे

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका. आजचा भाग रेल्वेचाच आहे.

विषय मला माझ्या भाच्याने दिला. ताईचा मुलगा, वय वर्षं पाच. दिवाळीत घरी आला होता आणि चार दिवस माझा फोन त्याच्याच ताब्यात होता. फोनवर एकच गोष्ट चालू, थॉमस. ते निळं, पुढे तोंड असलेलं, १ नंबरचं वाफेचं इंजिन. एका दुपारी मान वर न करता त्याने विचारलं, "मावशी, सोडोर कुठेय? आपण जाऊ शकतो का?" मी म्हटलं, अरे राजा, ते खरं नाहीये, गोष्टीतलं बेट आहे ते. त्यावर साहेब म्हणाले, "मग त्याचा नकाशा कसा काय आहे?"

आता यावर काय बोलणार! मी नकाशा शोधायला बसले आणि रात्री दोन वाजेपर्यंत उठले नाही. कारण नुसता नकाशा नाही निघाला. या कधीच नसलेल्या बेटाच्या रेल्वेला स्थापनेचा इतिहास आहे. तीन जुन्या कंपन्यांचं विलीनीकरण आहे. तिच्या साहेबांचं जन्मसाल आहे, आणि त्यांनी उमेदवारी कुठल्या कारखान्यात केली तेही आहे. आणि मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? या रेल्वेचं १९४८ साली राष्ट्रीयीकरण झालंय. लहान मुलांच्या पुस्तकात, प्रस्तावनेत, रीतसर कळवलंय तसं.

हे का केलं असेल कुणी? त्याचीच आज गोष्ट.

रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री. जन्म १९११, इंग्लंड. वडीलही पाद्री आणि रेल्वेचे पक्के वेडे. विल्बर्ट लहान असताना हे कुटुंब विल्टशरमधल्या बॉक्स नावाच्या गावी राहायला गेलं. घर ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मार्गाला जवळजवळ चिकटून. बॉक्सच्या बोगद्याकडे चढ आहे. मालगाडी जड असली की तिला मागून धक्का द्यायला आणखी एक इंजिन लावायचे, आपल्याकडे कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात बँकर लावतात ना, तसंच. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हा मुलगा दोन इंजिनांचा आवाज ऐकायचा. पुढचं धापा टाकतंय, मागचं रेटतंय. त्याला वाटायचं ती एकमेकांशी बोलतायत. पुढचं म्हणतंय जमत नाही, मागचं म्हणतंय जमेल. चढ संपला की दोघांचा सूर बदलायचा. थॉमसची सगळी दुनिया त्या अंथरुणात सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. स्वतः ऑड्रींनीही पुढे हेच सांगितलं.

मोठा होऊन तोही पाद्री झाला. पण युद्धाच्या विरोधात ठाम मतं, आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. या मतांपायी आधीच्या ठिकाणची त्याची जागा गेली. शेवटी १९४० मध्ये बर्मिंगहॅमजवळ किंग्ज नॉर्टनला काम मिळालं. तिथे त्याच्या मुलाला, ख्रिस्तोफरला गोवर झाला. तेव्हा गोवर झालेल्या पोराला अंधाऱ्या खोलीत झोपवायचे. ना मोबाइल, ना टीव्ही. मग बाबांनी कागदावर ओळीने उभी इंजिनं काढली आणि त्यांना चेहरे दिले. त्यातला एक चेहरा रडका होता. का रडतोय, पोराने विचारलं. तो म्हातारा झालाय, त्याला बरेच दिवस शेडबाहेर काढलं नाहीये. त्याचं नाव काय? एडवर्ड.

गोष्ट रोज सांगायला लागायची, आणि पोरगं भयंकर. काल सांगितलेला एक शब्द आज बदलला की लगेच पकडायचं. ज्यांनी लहान मुलांना गोष्टी सांगितल्यात त्यांना हा छळ माहीत आहे. शेवटी वैतागून ऑड्रींनी गोष्टी जुन्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ठेवल्या. बायको मार्गारेट मागे लागली की हे छापा. १९४५च्या मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं आणि त्याच महिन्यात 'द थ्री रेल्वे इंजिन्स' बाहेर आलं. थॉमस त्यात नव्हताच. तो ऑड्रींनी मुलासाठी झाडूच्या दांड्याचे तुकडे वगैरे वापरून बनवलेलं लाकडी खेळणं होता. पोराने त्याच्याही गोष्टी मागितल्या, म्हणून तो १९४६च्या पुस्तकात आला.

आता १९४८कडे येऊ.

ब्रिटनमध्ये तोवर चार मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या होत्या. १ जानेवारी १९४८ला त्या सगळ्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि एकच ब्रिटिश रेल्वेज झाली. डबे-इंजिनांवरची जुनी नावं पुसून नवी रंगवली जाऊ लागली. लोकांच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट बदलत होती. त्याच वर्षी ऑड्रींचं तिसरं पुस्तक आलं, जेम्स नावाच्या लाल इंजिनाचं. पहिल्या दोन पुस्तकांत रेल्वेचा मालक 'फॅट डायरेक्टर' होता, म्हणजे कंपनीचा संचालक. आता कंपनीच राहिली नाही तर संचालक कुठून राहणार? त्यामुळे प्रस्तावनेत बालवाचकांना कळवलंय की आपलं राष्ट्रीयीकरण झालं, पण इंजिनं तीच आहेत, आणि साहेबही तेच आहेत, फक्त आता त्यांना 'फॅट कंट्रोलर' म्हणायचं.

मला हे वाचून आधी हसू आलं. पाच वर्षांच्या पोराला कशाला सांगायचं हे? पण विचार केला तर त्या पोराच्या घराजवळच्या स्टेशनवरची पाटी खरंच बदलली होती. त्याने विचारलंच असतं, की बाहेर बदललं मग गोष्टीत का नाही बदललं. ऑड्रींच्या घरात असले प्रश्न विचारणारा एक नमुना होताच. आता देशभरातून पत्रं लिहिणारे तसले शेकडो तयार झाले होते.

आणि पत्रांमुळे पुढचा घोळ सुरू झाला. पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांना रेल्वेचं फारसं कळत नव्हतं. एका पानावर इंजिन एका आकाराचं, पुढच्या पानावर वेगळं. हेन्री आणि गॉर्डन ही दोन इंजिनं इतकी सारखी दिसायची की मुलं विचारायची, यातला हेन्री कोणता? मग ऑड्रींनी काय केलं माहितीये? १९५१च्या पुस्तकात हेन्रीचा अपघातच घडवून आणला आणि त्याला दुरुस्तीला क्रू गावच्या खऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथून तो नव्या आकारात परत आला. चित्रातली चूक सुधारायला गोष्टीत अपघात! चित्रकार डॅल्बी यांच्याशी मात्र त्यांचं पुढे पार बिनसलं. पर्सी नावाचं छोटं हिरवं इंजिन चित्रात लाल पट्ट्यांच्या सुरवंटासारखं दिसतंय, असं ऑड्री म्हणाले. १९५६च्या पुस्तकानंतर डॅल्बी बाजूला झाले.

चित्रं एक वेळ सांभाळता येतील, पण ही रेल्वे आहे कुठे? स्टेशनं कोणत्या क्रमाने येतात? मुलं हेही विचारत होती आणि गोष्टी तर एकमेकींशी जुळत नव्हत्या. उत्तर १९५०च्या सुमाराला मिळालं, तेही चर्चच्या कामाने गेले असताना. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात 'आइल ऑफ मॅन' हे बेट आहे. तिथल्या बिशपचं अधिकृत बिरुद 'सोडोर आणि मॅन'. मॅन तर डोळ्यांसमोर आहे, पण सोडोर कुठे आहे? तर कुठेच नाही. नॉर्स लोक स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांना 'दक्षिणेची बेटं' अशा अर्थाचं नाव वापरायचे, त्याचा घासून घासून सोडोर झाला. ती बेटं कधीच या बिशपच्या हाताखालून गेली, नाव तेवढं बिरुदात चिकटून राहिलं. म्हणजे नाव आहे, जमीन नाही. ऑड्रींना हेच हवं होतं. त्यांनी मॅन आणि इंग्लंडच्या बॅरो-इन-फर्नेस या बंदराच्या मधोमध समुद्रात एक अख्खं बेट टाकलं.

यात त्यांना जोडीदार मिळाला तो सख्खा भाऊ जॉर्ज. लंडनमध्ये ग्रंथपाल होता तो. म्हणजे विचार करा, एक रेल्वेवेडा पाद्री आणि एक ग्रंथपाल. दोघांनी मिळून बेटाचे डोंगर, नद्या, राजे, संत, खाणी, गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती, एवढंच काय, सुड्रिक नावाची बेटाची जुनी भाषासुद्धा तयार केली. यातलं बहुतेक काहीच मुलांच्या पुस्तकांत येणार नव्हतं. हे सगळं एकत्र छापलं गेलं थेट १९८७ मध्ये. आपल्याकडच्या जुन्या गॅझेटियरच्या वळणाचं पुस्तक आहे ते, फक्त प्रदेश अस्तित्वात नाही.

त्यात या रेल्वेचं चरित्र येतं. बेटावर आधी छोट्या छोट्या कंपन्या होत्या. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा किनाऱ्याच्या संरक्षणासाठी सलग मार्ग हवा म्हणून त्या जोडल्या गेल्या आणि नॉर्थ वेस्टर्न रेल्वे जन्मली. तिचे साहेब सर टॉपहॅम हॅट, जन्म १८८०, उमेदवारी स्विंडनच्या कारखान्यात. स्विंडन खरं आहे बरं का, ग्रेट वेस्टर्नचा तो मुख्य कारखाना. खोट्याच्या शेजारी खरं असं बसवलंय की जोड दिसत नाही. खऱ्या जगात १९४८ला रेल्वे सरकारी झाली, तर इथेही नॉर्थ वेस्टर्न ही त्याच ब्रिटिश रेल्वेचा एक विभाग झाली. नकाशावर नसलेल्या बेटाचा विभाग!

गोष्टींच्या बाबतीतही त्यांचा कटाक्ष होता. इंजिनं बोलतील, रुसतील, भांडतील, पण रुळांवर जे घडेल ते खऱ्या रेल्वेत घडू शकणारं पाहिजे. हेन्रीचा अपघात मघाशी सांगितला ना, तो बघा. पहाटेची मासळीची गाडी घेऊन तो निघालाय, बर्फ पडलंय. तेव्हाचे सिग्नल म्हणजे खांबाला लावलेला एक हात. हात आडवा असला तर थांबा, खाली झुकला तर जा. बर्फाच्या वजनाने हात खाली दबला, सांधा गोठून भलतीकडे अडकला, ड्रायव्हरला वाटलं मार्ग मोकळा आहे, आणि गाडी बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीवर जाऊन आदळली. त्या मालगाडीची माणसं गार्डच्या डब्यात बसून निवांत कोको पीत होती, ती धडकेने उडून बाहेर बर्फात पडली. मुलं खदखदून हसतात या गोष्टीला. पण बर्फात अडकलेल्या सिग्नलने खोटं सांगणं हे इंग्लंडमध्ये खरंच घडलंय. २१ जानेवारी १८७६, ॲबट्स रिप्टन. एक्स्प्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी दुसरी एक्स्प्रेस आदळली. माणसं गेली. त्यानंतर त्या मार्गावर सिग्नल एरवी 'थांबा'वरच ठेवायचे आणि खात्री करून मगच उतरवायचे, अशी पद्धत आली.

आणखी एक सांगते, कारण त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९६४चं पुस्तक डोंगरावर चढणाऱ्या इंजिनांचं आहे. त्यात गॉडरेड नावाचं १ नंबरचं इंजिन येतं. बेफिकीर. उतारावरून घसरून कोसळतं. त्याला दुरुस्त करत नाहीत, शेडच्या मागे टाकून ठेवतात आणि त्याचे भाग काढून काढून बाकीच्यांना लावतात, काहीच शिल्लक राहीपर्यंत. मुलांच्या पुस्तकात! मला रात्री दोन वाजता वाचून काटा आला. आता खरं काय घडलं ते ऐका. वेल्समधल्या स्नोडन पर्वतावरची रेल्वे ६ एप्रिल १८९६ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी उतरताना १ नंबरच्या 'लाडास' इंजिनाची दातेरी रुळावरची पकड सुटली. ड्रायव्हर आणि फायरमनने उड्या टाकल्या, इंजिन खाली कोसळलं. डबे ब्रेकमुळे थांबले, पण घाबरून डब्यातून उडी मारलेला एक प्रवासी दगावला. लाडास पुन्हा कधी बांधलं नाही.

ही दातेरी रुळाची पद्धत आपल्याकडे निलगिरीत आहे, मेट्टुपालयमहून उटीला जाताना. स्नोडनची पहिली इंजिनं आणि निलगिरीची एक्स क्लास इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एकाच कारखान्यातली. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लहान भावंडं आहेत त्यांना आशिमा आठवेल, २०१६च्या 'द ग्रेट रेस' या थॉमसच्या सिनेमातलं रंगीबेरंगी भारतीय इंजिन. ते याच निलगिरीच्या इंजिनावरून बेतलंय आणि आवाज दिलाय टीना देसाईने. भाच्याला हे सांगितलं तर त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "माहितीये मला," म्हणाला.

बरं, आता खऱ्या रेल्वेकडे वळू. तिकडे काय चाललं होतं?

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ब्रिटिश रेल्वेकडे सुमारे २०,००० वाफेची इंजिनं होती. सरकारी रेल्वेने नव्या आराखड्याची आणखी ९९९ बांधली. १९५५ला आधुनिकीकरणाची योजना आली, वाफ बंद, आता डिझेल आणि वीज. पण कारखान्यांत वाफेची इंजिनं तयार होतच होती! शेवटचं, 'इव्हनिंग स्टार', १९६० मध्ये स्विंडनहून बाहेर पडलं. या जातीच्या इंजिनाचं आयुष्य सहज तीस-चाळीस वर्षांचं. हे पाच वर्षांत सेवेतून काढलं. सरकारी नियोजन नावाची चीज सगळीकडे सारखीच असते की काय, असं वाटतं कधी कधी.

त्यात पैसा बुडत होता. मोटारी आणि ट्रक वाढले, रेल्वे तोट्यात गेली. मग रिचर्ड बीचिंग यांना आणलं. भौतिकशास्त्राचे डॉक्टर, आय.सी.आय. या रसायन कंपनीतले बडे अधिकारी, पगार पंतप्रधानांपेक्षा जास्त. त्यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये आला. २,३६३ स्टेशनं बंद करा, सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करा. सगळं नाही, पण बरंचसं अमलात आलं. गावंच्या गावं एका सकाळी रेल्वेवाचून राहिली. इंजिनं ओळीने भंगारवाल्यांकडे निघाली.

आणि आता त्याच वर्षीचं, १९६३चं थॉमसच्या मालिकेतलं पुस्तक बघा. त्याचा नायक आहे स्टेपनी, १८७५चं एक खरंखुरं छोटं इंजिन. ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेने, म्हणजे हौशी लोकांनी १९६०ला चालू केलेल्या रेल्वेने, ते विकत घेऊन वाचवलं होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला पर्सी रडवेल्या आवाजात सांगतो की दुसऱ्या रेल्वेवर आता इंजिनं सुरक्षित नाहीत, तिथले साहेब क्रूर आहेत, थंड ओल्या सायडिंगवर उभं करतात आणि मग कापतात. शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून नीट फुटतही नाही.

'दुसरी रेल्वे' म्हणजे कोण, कळलं ना? ब्रिटिश रेल्वे. १९४८ला सोडोर तिचा विभाग होता, 'आपलं राष्ट्रीयीकरण झालं' अशी बातमी होती. पंधरा वर्षांनी तीच रेल्वे 'दुसरी' झाली. ऑड्रींनी मोर्चा काढला नाही की वर्तमानपत्रात जाहीर पत्रक काढलं नाही. शांतपणे आपलं बेट तेवढं वेगळं केलं.

११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेने मेनलाइनवरची वाफेची शेवटची प्रवासी गाडी चालवली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलपर्यंत आणि परत. तिकीट पंधरा गिनी, त्या काळी चांगलंच महाग, तरी रुळांच्या कडेला माणसांच्या रांगा. दुसऱ्या दिवसापासून वाफेला जवळजवळ सरसकट बंदी. सोडोरच्या त्या वर्षीच्या पुस्तकात काय आहे? ऑलिव्हर नावाचं इंजिन दुसऱ्या रेल्वेवरून पळून येतं. बरोबर एक डबा आणि एक गार्डचा डबा. लपत छपत, कोळसा संपलेला. एका रात्री सोडोरचा डग्लस त्यांना शोधून काढतो, वाटेत अडवणाऱ्या माणसाला हूल देऊन बेटावर ओढून आणतो. भाषा साधी, वाक्यं छोटी, पण वाचताना ही निर्वासितांची गोष्ट वाटते.

इथे मला थोडं थांबून भांडायचंय. कारण सोडोर काही स्वर्ग नाही. सर टॉपहॅम हॅट म्हणजे साहेब, त्यांचा शब्द शेवटचा. रंग खराब होईल म्हणून हेन्री बोगद्यातून बाहेर आला नाही तर त्याला पहिल्याच पुस्तकात भिंत बांधून आत कोंडलं होतं! मालाचे डबे कायम उनाड, नालायक, त्यांना धक्के दिले तरच सुधारणार. महत्त्वाची इंजिनं सगळी पुरुष, बायका म्हणजे मागून ओढल्या जाणाऱ्या ॲनी आणि क्लॅराबेल. उतरंडीचं जुनं इंग्लंड आहे ते, नीट पॉलिश केलेलं. आणि डिझेल आणणारे सगळे क्रूर होते हेही खरं नाही. वाफेचं इंजिन बघायला सुंदर, पण लांबच्या फेरीत फायरमनला हाताने कित्येक टन कोळसा फावड्याने टाकावा लागायचा. पहाटे चारला उठून राख काढायची, बॉयलर घासायचा. असलं काम करायला माणसंच मिळेनाशी झाली होती. पुस्तकात त्या माणसांना बहुतेक वेळा नावंही नाहीत. नाव इंजिनाला.

तरीही ऑड्रींना मी नुसतं आठवणीत रमणारं म्हातारं म्हणणार नाही. त्याचं कारण टॅलिलिन. वेल्समध्ये टिविन गावाजवळची ही छोटी नॅरोगेज, दगडी पाट्यांच्या खाणीसाठी १८६०च्या दशकात बांधलेली. मालक सर हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता की मी आहे तोवर गाडी चालेल. १९५०च्या जुलैमध्ये ते गेले. मग टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली, हौशी लोकांची संस्था काढली, आणि मे १९५१ मध्ये त्यांनी गाडी पुन्हा चालवली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे. आणि ऑड्री १९५२ला तिथे गार्ड म्हणून कामाला गेले, सुट्टीत, फुकट. एकदा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गाडी सुटली, आणि फलाटावर चहा-खाऊ विकणाऱ्या बाई मागेच राहिल्या. गार्डची चूक, दुसरं कुणाची नाही. १९५५च्या पुस्तकात ती जशीच्या तशी आलीये, फक्त दोष घाईघाईने निघालेल्या पीटर सॅम नावाच्या इंजिनावर गेलाय. पाद्री असून!

त्या पुस्तकापासून सोडोरवरही एक छोटी नॅरोगेज आली, तिची इंजिनं टॅलिलिनच्या इंजिनांची जुळी भावंडं. पुस्तकं वाचून लोक खरी रेल्वे बघायला टिविनला जाऊ लागले. तिकीट काढलं की पैसा खऱ्या बॉयलरच्या दुरुस्तीला.

टॅलिलिन, ब्लूबेल आणि त्यांच्यामागून अशा कितीतरी. साउथ वेल्समधल्या बॅरी गावी डाय वुडहॅम यांचं भंगारचं आवार होतं. तिथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ हौशी लोकांनी वर्गणी काढून काढून विकत नेली. कित्येक वर्षं गंजत उभी होती ती. त्यातली बरीच आज चालतात. हे सगळं थॉमसमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण लहानपणी पर्सीचा तो अडकलेला शब्द ऐकलेली पिढी याच काळात मोठी होत होती, एवढं मात्र आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑड्रींनी १९७२ला सव्विसावं पुस्तक लिहून थांबवलं, पुढे ख्रिस्तोफरने लिहिली. हो, तोच, गोवरवाला. १९८४ला ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी टीव्ही मालिका आणली, निवेदनाला बीटल्सचे रिंगो स्टार. जगभर पसरली. पण मालिकेत नव्या, ऑड्रींनी न लिहिलेल्या गोष्टी यायला लागल्यावर म्हातारबुवा चिडले. एका गोष्टीत हेन्री जंगल बघायला मेनलाइनवर वाटेल तिथे थांबतो. ऑड्रींचं म्हणणं, गाडी अशी थांबली तर मागून येणाऱ्या गाडीपासून तिचं रक्षण करायचे नियम आहेत, ते कुणी पाळले? बोलणारं इंजिन चालतं, नियम मोडणारं चालत नाही.

१९९७च्या मार्चमध्ये ते वारले. ब्रिटिश रेल्वेचं खासगीकरणही त्याच सुमाराला पुरं होत होतं. १९४८ला जोडलेलं सगळं पुन्हा तुकड्यांत विकलं गेलं. आणि आता चाक परत फिरलंय. २०२४ला तिथे कायदा झाला आणि मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे या कायद्याखाली सगळ्यात आधी सरकारकडे परत आली. सोडोरच्या सर टॉपहॅम हॅटांना आता काय म्हणायचं, हे सांगायला ऑड्री नाहीत.

टिविनला टॅलिलिनच्या स्टेशनातच नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे ऑड्रींची अभ्यासिका मांडून ठेवलीये, टेबल, पुस्तकं, सगळं. मी फोटो भाच्याला दाखवला. म्हटलं, बघ, या आजोबांनी सोडोर बनवलं. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"पण मावशी," म्हणाला, "यात बॅरोहून बेटावर जायचा पूल कुठेय?"

पुलाचं मी शोधून सांगेन म्हटलंय त्याला. तुम्हाला माहीत असेल तर कळवा. चला, भेटू पुढच्या भागात!